कोर्ट आणि कॉट एकच? इंग्रजीतले समोच्चारी शब्द नक्की कोणाच्या तोंडचे?

पेरूची फोड | रविवार, रात्री ९:४०

लेक तिसरीत आहे. शनिवारी शाळेतून इंग्रजीचा एक कागद घरी आला, मथळा 'होमोफोन्स'. उच्चार एक, स्पेलिंग वेगळं, अर्थ वेगळा. डावीकडच्या शब्दाला उजवीकडचा जोडीदार रेघ मारून जोडायचा. 'सन' (मुलगा) आणि 'सन' (सूर्य) जुळले. 'नाइट' रात्रीची आणि 'नाइट' घोड्यावरचा, तेही जुळले. शेवटी दोन्हीकडे चार-चार शब्द उरले आणि काही केल्या लग्न लागेना.

डावीकडे: कोर्ट, सॉस, फादर, पॉ (प्राण्याचा पंजा).
उजवीकडे: फार्दर, पोअर (ओतणे), कॉट (पकडलं), सोर्स.

लेकीने कागद आजोबांकडे नेला. माझे सासरे निवृत्त वकील. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "३६ वर्षं कोर्टात गेलो. कॉटवर रात्री घरी आल्यावर पडायचो." कागद परत.

मागच्या पानावर उत्तरं उलटी छापली होती. कोर्ट = कॉट, सॉस = सोर्स, फादर = फार्दर, पॉ = पोअर. आमच्या घरात यातली एकही जोडी जुळत नाही. शेजारी विचारलं, तिथेही नाही. मग हे शब्द समोच्चारी आहेत ते कोणाच्या तोंडी? आणि मुलीला काय सांगू, पाठ कर?

(देवनागरीत लिहिताना सन आणि सन सारखेच दिसतात, म्हणून कंसात अर्थ देतेय. सांभाळून घ्या.)

चहाटळ | रविवार, रात्री ९:५२

वकीलसाहेबांना साष्टांग. पण पकडलं गेल्यावर कोर्टात जावंच लागतं, तेव्हा जोडी तशी बरोबर आहे.

शुद्धलेखनग्रस्त | रविवार, रात्री १०:१५

मथळ्यात 'समोच्चारी' लिहिल्याबद्दल आधी अभिनंदन. गेल्या वेळी कोणीतरी याच विषयाला 'समानार्थी' म्हणून धागा काढला होता आणि ४० प्रतिसाद त्यातच गेले.

कागद चुकीचा नाही. पुस्तक इंग्लंडमधल्या मुलांसाठी लिहिलेलं असणार. आग्नेय इंग्लंडच्या बोलीत र फक्त स्वराच्या आधी टिकतो. व्यंजनाच्या आधी किंवा शब्दाच्या शेवटी आला की गळतो, आणि जाता जाता मागचा स्वर लांबवून जातो. कोर्टातला र काढा, उरलेला स्वर ताणा. 'पकडलं'वाला कॉट हातात येतो. आपण मात्र स्पेलिंगमध्ये दिसला र की उच्चारला र.

लंडनची लोकल | रविवार, रात्री ११:०५

हे मी रोज ऐकते. इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये एकजण तावातावाने म्हणाला, आपण 'ओपन सॉस' वापरू या, फुकट असतो. मी वहीत तसंच लिहून घेतलं. शेजारच्या तेलुगू मुलाने वहीत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बास.

गंमत म्हणजे हे लोक असलेला र खातात आणि नसलेला घालतात. 'लॉ अँड ऑर्डर' म्हणताना लॉ आणि अँडच्या मध्ये एक र उगवतो. 'लॉर अँड ऑर्डर'. मला बरेच दिवस वाटायचं की लॉरा नावाच्या बाईंबद्दल चाललंय.

बुद्धिबळाच्या क्लबात मुलाला घेऊन जाते तिथे तर प्यादं (पॉन) आणि इंटरनेटवरचा तो नको असलेला शब्द यांत काडीचा फरक नाही. लहान लहान पोरं मोठमोठ्याने ओरडत असतात, "मी त्याचे दोन घेतले!"

चहाटळ | रविवार, रात्री ११:०९

हसून हसून पुरेवाट. सॉसचा कोड कोणी लिहिला, टोमॅटोने?

टेक्सासचा गडी | सोमवार, सकाळी ६:२०

ह्यूस्टनहून राम राम. इथे र शाबूत आहे, त्यामुळे आजोबांचा खटला अमेरिकेत जिंकला असता. पण इथली बिघाडी वेगळीच. दक्षिणेतल्या जुन्या लोकांच्या तोंडी पेन आणि पिन एक. माझ्या ऑफिसातल्या साठीच्या बाई 'पेन दे' असं कधीच म्हणत नाहीत, 'इंक पेन दे' म्हणतात. मला आधी वाटलं शाईचं पेन हवंय, मी म्हटलं आमच्याकडे शाळेत असायचं. नंतर कळलं, नुसतं पेन म्हटलं तर समोरचा टाचणी देईल म्हणून ही सोय आहे.

शिवाय मेरी (बाईचं नाव), मॅरी (लग्न करणे) आणि मेरी (आनंदी) हे तिन्ही बहुतेक अमेरिकन लोक एकसारखेच म्हणतात. आपण मधल्याला ॅ लावून वेगळं करतो. तेच लेखकाचा रायटर आणि घोडेस्वार रायडर. दोन स्वरांच्या मधला ट इतका मऊ होतो की ड वाटतो. माझ्या मुलाला 'मेटल' आणि 'मेडल' यांत काय फरक ते मी ओरडून सांगतो, तो म्हणतो बाबा तुम्ही दोन्ही वेळा वेगळं का बोलताय?

लंडनची लोकल | सोमवार, दुपारी १:३०

@टेक्सास, पूर्व लंडनमधल्या मंडईत भाजीवाला ओरडत होता, 'फ्री पाउंड्स! फ्री पाउंड्स!' मी धावले. फ्री म्हणजे ३. थ चा फ होतो तिकडे. ३ पाउंड मोजून फ्लॉवर घेऊन आले.

सरळ रेघ | सोमवार, दुपारी २:१०

हे सगळे अपभ्रंश आहेत हो. प्रमाण इंग्रजी एकच, जुन्या रेडिओवरच्या निवेदकांचं. मुलीला तेच शिकवावं. उद्या कोणी 'पानी' म्हटलं म्हणून आपण पाठ्यपुस्तकात पानी छापणार का?

एडिंबरा आणि पाऊस | सोमवार, संध्याकाळी ५:४५

@सरळ रेघ, हे इथे मोठ्याने बोलू नका, बसमधून उतरवतील.

स्कॉटलंडमध्ये र ठणठणीत उच्चारतात. कोर्ट हा कोर्ट. उलट 'पकडलं'वाला कॉट आणि झोपायची कॉट इथे एकच, अगदी आपल्यासारखं. लंडनमध्ये पहिला लांब, दुसरी आखूड. म्हणजे आजोबांचं इंग्रजी एडिंबऱ्यात बिनविरोध पास.

पण इथे ऊ ची वाट लागलीय. पूल (पोहायचा) आणि पुल (ओढणे) एक. फुल (भरलेलं) आणि फूल (मूर्ख) एक. दुकानदाराला 'पिशवी फुल झाली' म्हणताना मला अजून चोरट्यासारखं होतं.

आणि व्हिच (कोणता) आणि विच (चेटकीण) हे दोन शब्द लंडनवाल्यांसाठी एकच असले तरी इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी साफ वेगळे आहेत. पहिल्यात आधी हवेचा झोत येतो, फुंकर मारल्यासारखा. माझ्या घरमालकीणबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्या 'व्हेअर' म्हणाल्या की समोरची मेणबत्ती विझेल.

डब्लिनकर | सोमवार, संध्याकाळी ६:००

इथे थ्री आणि ट्री एक आहेत असं सगळे इंग्रज चेष्टेने सांगतात. मला तर दोन्ही वेगळे ऐकू येतात! बरेच आयरिश लोक ३ ला 'त्री' म्हणतात आणि झाडाला 'ट्री'. एकाची जीभ दाताला लागते, दुसऱ्याची वर. इंग्रजाच्या कानाला त आणि ट वेगळे कळतच नाहीत, म्हणून त्याला दोन्ही झाडंच वाटतात. मराठी कान असला की आयर्लंडमध्ये फायदा होतो. तसं पूर्ण एकच करणारेही आहेत, नाही असं नाही.

शुद्धलेखनग्रस्त | सोमवार, संध्याकाळी ६:४०

डब्लिनकर, वा! हे लक्षातच आलं नव्हतं.

सातारी कंदीपेढा | सोमवार, रात्री ८:३०

मी गावाकडे पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवतो. परदेशाचं सोडा, माझ्या वर्गात या.

परवा डिक्टेशनला 'शिप' सांगितलं. अर्ध्या वर्गाने जहाज लिहिलं, अर्ध्याने मेंढी. एक पोरगं उभं राहिलं, "सर, पाण्यातली का डोंगरावरची?" चूक त्याची नाही. माझ्याच तोंडून काय बाहेर पडलं ते मला सांगता आलं नाही. मराठी बोलताना आपण ह्रस्व-दीर्घाला धरून अर्थ लावत नाही. दिन (दिवस) आणि दीन (गरीब), शिर (डोकं) आणि शीर (रक्ताची), सुत (मुलगा) आणि सूत (दोरा) हे कागदावर वेगळे, तोंडात एकच. शुद्धलेखनात मार्क जातात ते उगाच नाही. तीच सवय घेऊन पोरं इंग्रजीत जातात. आता मी 'पाण्यातली शिप' आणि 'लोकरीची शीप' असंच सांगतो. टेक्सासच्या बाईंचं 'इंक पेन' वाचलं आणि बरं वाटलं, तिकडेही तोच उपाय आहे म्हणायचा.

बॅट आणि बेटचं मात्र आमच्याकडे भांडण नाही. बॅटला पोरं 'ब्याट' म्हणतात. हसायचं तर हसा, पण बेटपासून वेगळी राहते की नाही?

चहाटळ | सोमवार, रात्री ८:४१

हा धागा निघाला सुतेवरून, धागा म्हणजे सूत, आणि आपण चाललोय सुतावरून स्वर्गाला.

वऱ्हाडी ठेचा | सोमवार, रात्री ९:१५

'पानी' म्हणनाऱ्याले कोन हसलं रे? @सरळ रेघ

मी अकोल्याचा. आमच्या इकडं ळ चा य होते. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. मंग काळा रंग बी काया अन् शरीर बी काया. 'काळी काया' म्हणाची असन तं 'कायी काया'. कोनाले काई अडत नाई, समजते सगळ्याइले.

पेणची पापडी | सोमवार, रात्री ९:२८

आमच्या आगरीत ळ चा ल. त्यामुळे काळा म्हणजे काला, आणि गोकुळाष्टमीला हंडी फुटल्यावर खातात तोही कालाच. ण चा न तर आहेच. मन आणि मण एक, म्हणजे आमचं मन कायम ४० शेरांचं. पुण्यात कोणी 'ळ म्हण बघू' म्हटलं की मी म्हणते, आधी तुम्ही श आणि ष वेगळे म्हणून दाखवा.

पेरूची फोड | सोमवार, रात्री ९:५०

@पापडी, मी आत्ता आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं. नाही जमलं.

मुलुंडची मावशी | सोमवार, रात्री ११:२०

उशिरा आलेय, पण हा माझ्या पोटापाण्याचा विषय. १२ वर्षं कॉल सेंटरमध्ये उच्चार शिकवले. पहिला धडा नेहमी व्ही आणि डब्ल्यूचा. पुस्तकात लिहिलेलं असायचं की भारतीय लोक दोन्हींना एकच 'व' म्हणतात. व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, डब्ल्यूला ओठांचा चंबू करा. हिंदीभाषक मुलांना हे अगदी लागू पडायचं. त्यांची दारू आणि द्राक्षाची वेल, दोन्ही 'वाइन'.

मराठी मुलं वेगळी निघाली. ती बनियनला 'व्हेस्ट' म्हणायची आणि मुलुंडच्या बाजूला 'वेस्ट'. पुस्तकाप्रमाणे त्यांना हा फरक यायलाच नको होता. मग एकदा दुकानांच्या पाट्या बघत घरी आले तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपण मराठीत व्ही ला 'व्ह' लिहितो: व्हॅन, व्हायरस, व्होल्टेज, व्हिटॅमिन. डब्ल्यूला 'व': वॉर्ड, वॉचमन. हिंदीत व्हॅनचीही 'वैन' होते. आपल्याकडे केव्हा, जेव्हा, जिव्हाळा यांतला व्ह तयारच होता, तो व्ही ला बहाल करून टाकला. दात ओठाला लागत नाहीत, इंग्रजासारखा तो व्ही नाहीच, पण दोन वेगळे राहतात.

पण घोळ पुढे आहे. डब्ल्यूच्या मागे एच आला की तिथेही आपण व्ह च लिहितो. व्हॉट, व्हील, व्हेल मासा. त्यामुळे बाकी जगात कुठेच नाहीत अशा जोड्या आपल्या घरात जमल्या. व्हेल (मासा) आणि व्हेल (नवरीच्या चेहऱ्यावरचा). व्हाइल (तोपर्यंत) आणि व्हाइल (नीच). सगळ्यात गोड म्हणजे व्हाइन. लंडनवाल्याची दारू रडगाण्याशी जुळते, वाइन आणि वाइन. आपलं रडगाणं दारूशी जुळत नाही, द्राक्षाच्या वेलीशी जुळतं.

पेरूताई, तिसरीच्या कागदात या जोड्या नाहीत हीच माझी तक्रार.

लंडनची लोकल | सोमवार, रात्री ११:४८

मावशी, दंडवत. मी आत्ता 'व्हेल' म्हणून बघितलं. दोन्ही वेळा मासाच आला.

एडिंबरा आणि पाऊस | मंगळवार, पहाटे २:१०

मावशी, एक शंका. मुंबईत सुरुवातीला शाळा काढणाऱ्यांत स्कॉटिश मिशनरी होते. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये शाळा सुरू केली, तेच पुढचं विल्सन कॉलेज. ते माझ्या घरमालकीणबाईंसारखे फुंकर मारून 'व्हॉट' म्हणत असणार. आपला व्ह तिथून आला नसेल?

शुद्धलेखनग्रस्त | मंगळवार, सकाळी ९:००

कल्पना सुंदर आहे, पण मोह आवरा. डब्ल्यू दिसला व, एच दिसला ह, दोघांना जोडून व्ह, एवढं साधं कारण पुरतं. आपण इंग्रजी कानाने कमी आणि डोळ्यांनी जास्त शिकलो. कोर्टातला र सुद्धा डोळ्यांनीच टिकवलाय. स्कॉटिश माणसाकडून ऐकून शिकलो असतो तर पुल आणि पूलही एक झाले असते.

आणि 'प्रमाण एकच' म्हणणाऱ्यांसाठी: भेटण्याचा मीट आणि खाण्याचा मीट शेक्सपियरच्या काळात सर्रास वेगळे होते. स्पेलिंग वेगळं आहे ते म्हणूनच. नाइट (घोड्यावरचा) च्या सुरुवातीचा क पूर्वी खरोखर उच्चारायचे. आजचे निम्मे समोच्चारी शब्द म्हणजे कालचे नीट वेगळे असलेले शब्द. 'अपभ्रंश' म्हणायचं तर मग जुन्या रेडिओवाल्यांपासून सुरुवात करा.

सरळ रेघ | मंगळवार, सकाळी ९:३५

ठीक. पण मुलीला परीक्षेत एकच उत्तर लिहायचंय, त्याचं काय?

धावपट्टी २७ | मंगळवार, सकाळी ११:१०

हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी झाली. गप्पा मजेच्या चालल्यात, पण आमच्याकडे याच गोष्टीने माणसं गेली आहेत.

रेडिओवर ३ ला 'ट्री' म्हणायचं, ५ ला 'फाइफ', ९ ला 'नाइनर', हजाराला 'टाउझंड' असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. आमच्या डब्लिनकरांना आनंद होईल. थ जगातल्या अर्ध्या वैमानिकांना जमत नाही, मग तो ठेवायचाच कशाला? फाइव्ह आणि नाइन खरखरीत एकसारखे वाटतात, म्हणून त्यांची शेपटं बदलली.

फेब्रुवारी १९८९. सिंगापूरहून क्वालालंपूरला येणारं मालवाहू जम्बो. नियंत्रकाने खाली उतरायला सांगितलं, 'टू फोर झिरो झिरो'. त्याच्या मनात २४०० फूट. वैमानिकांनी ऐकलं 'टू' म्हणजे 'पर्यंत', ४०० फुटांपर्यंत. त्यांनी '४००' असं परत म्हणूनही दाखवलं, नियंत्रकाने ती चूक पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले. इथे कोणाचा प्रांतिक उच्चार आडवा आला नव्हता. २ आणि 'पर्यंत' हे सगळ्या इंग्रजी जगात समोच्चारीच आहेत. म्हणून वाक्याचा साचा ठरलेला असतो आणि तो मोडायचा नसतो. प्रशिक्षणात हा किस्सा मी दरवर्षी सांगायचो, आणि दरवर्षी वर्ग गप्प व्हायचा.

टेक्सासचा गडी | मंगळवार, दुपारी ४:००

बाप रे. ते 'इंक पेन' आता वेगळ्याच नजरेने बघेन.

वेलिंग्टनची वारी | मंगळवार, दुपारी ४:२०

वातावरण हलकं करते. न्यूझीलंडमध्ये बिअर आणि बेअर (अस्वल) एक. चेअर आणि चिअर एक. अस्वलं इथे नाहीत म्हणून निभावतं. कोणी ओरडून 'बिअर' म्हटलं तर पळायचं कोणत्या दिशेने हे सगळ्यांना माहीत असतं.

चहाटळ | मंगळवार, दुपारी ४:२२

तिकीट काढतोय.

सातारी कंदीपेढा | मंगळवार, रात्री ८:१५

जाता जाता, मराठीत याच्या उलटही आहे. पाण्याचा जग आणि अख्खं जग. अक्षरं तीच, ज वेगळा. एका पोराला वाचायला सांगितलं 'जगात पाणी आहे', त्याने विचारलं, "कुठल्या?" ह्यावेळी मीच खूश झालो.

पेरूची फोड | गुरुवार, रात्री ९:०५

सगळ्यांना धन्यवाद. आज कागद परत आला.

लेकीने चारही जोड्या उत्तराप्रमाणे जोडल्या होत्या. कोर्ट आणि कॉटच्या रेघेवर मात्र पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आजोबांच्या कोर्टात नाही'. मॅडमनी चार बरोबरच्या खुणा केल्या, त्या ओळीखाली हसरा चेहरा काढला आणि वर्गात सगळ्यांना दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायला लावले. लेक सांगत होती, "आई, मॅडमना पण र आला."

आजोबांना धागा वाचून दाखवला. व्हेल माशावर खूप हसले. विमानाचं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लंडनच्या ताईंना एक प्रश्न विचारायला सांगितलाय: तिथला न्यायाधीश खरंच 'कॉट इज ॲडजर्न्ड' म्हणतो का?

लंडनची लोकल | गुरुवार, रात्री ११:३०

हो काका. 'कॉऽट इज अजऽन्ड'. दोन्ही र गैरहजर.

पेरूची फोड | शुक्रवार, सकाळी ७:५०

सांगितलं. म्हणाले, "अपील करा."